फसलं का?

प्रॅक्टिकलला आलेल्या पोरांना बाकीचे सर विचारतात, "झालं का?" आमचे सर विचारायचे, "फसलं का?" आणि तेही कसं, तर दारात आलेल्या पाहुण्याला "चहा घेणार ना?" विचारावं तसं. त्या प्रश्नात धाक नव्हता की टोमणा नव्हता. आशा होती. "नाही सर, बरोबर आलं," असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "असू दे, असू दे," म्हणून ते पाठीवर थोपटायचे आणि पुढच्या टेबलाकडे निघायचे. तिथं तरी काही बिघडलं असेल म्हणून.

त्यांचं नाव मुद्दाम सांगत नाही. एक तर त्यांना आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे हा एक इसम नसून वाण आहे. सायन्स कॉलेजच्या इमारतीत, बहुधा तळमजल्यावर, बहुधा जिन्याखालच्या अंधाऱ्या लॅबमध्ये, या वाणाचा एक तरी दाणा सापडतोच. इतर प्राध्यापक खिशाला पेन लावतात तिथं याच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर असतो. पायांत चपला, कारण बुटांनी जमीन दणाणते आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा थरथरतो. स्टाफरूममध्ये त्याच्या नावाची खुर्ची असते, पण तिच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी डबा असतो. पोरं त्याला काहीतरी नाव ठेवतात. आमच्याकडे त्यांना "फसले सर" म्हणायचे. नव्या पोरांना ते आडनावच वाटे. पहिल्या वर्षाच्या एका पोरानं तर जर्नलच्या सर्टिफिकेटवर "प्रा. फसले" असं सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं, "शुद्धलेखन बरोबर आहे" म्हणाले आणि खाली सही केली.

लॅबमध्ये शिरल्या शिरल्या त्यांचं पहिलं काम म्हणजे पंखा बंद करणं. मार्च महिना, वर पत्रा, आत वीस पोरं आणि पंखा बंद. "वाऱ्यानं लंबक हलतो," म्हणायचे. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "सर, लंबक हलण्यासाठीच असतो ना?" सर खूश झाले. "बरोबर. पण कुणामुळे हलतोय ते आपल्याला माहीत पाहिजे." तो पोरगा त्या दिवसापासून त्यांचा लाडका झाला. हे त्याच्या दृष्टीनं वाईटच झालं, कारण लाडक्या पोराला सर सगळ्यांत मोडकं उपकरण द्यायचे.

ज्यांनी सायन्सला ॲडमिशन घेतली नाही त्यांना इथं थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे कॉलेजातला प्रयोग हा सत्यनारायणासारखा असतो. कथा ठाऊक, प्रसाद ठाऊक, साधुवाण्याचं पुढे काय होणार तेही ठाऊक. फक्त यथासांग पार पाडायचा. गुरुत्वीय त्वरण, ज्याला सगळे नुसतं 'जी' म्हणतात, ते ९८०. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम. हे आकडे पोरांना स्वतःच्या रोल नंबरापेक्षा पाठ असतात. मग घामाघूम कशाला व्हायचं? ९८० पासून उलटं निघायचं, गुणिलेचं भागिले करत करत वर चढायचं आणि रीडिंगच्या रकान्यात जाऊन बसायचं. याला बॅक कॅल्क्युलेशन म्हणतात. नुसतं एवढंच केलं तर उत्तर फार चोख येतं आणि संशय येतो. म्हणून वरून चिमूटभर चूक भुरभुरायची. आमच्या बॅचमध्ये एक पोरगा या विद्येत इतका तयार होता की त्याला आम्ही आचारी म्हणायचो. ग्राफवर सहा ठिपके अगदी रेषेवर आणि दोन किंचित बाहेर, हा त्याचा ठरलेला मसाला. "बाहेरच्या दोघांशिवाय चव येत नाही," म्हणायचा.

शिजवायचाही ज्यांना कंटाळा, त्यांच्यासाठी सीनियरचं जर्नल होतं. हे जर्नल पिढीजात. मूळ पुरुष कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यानं कधीतरी उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३१ अंश लिहिलं होतं, त्यामुळे आमच्या लॅबचं तापमान वर्षानुवर्षं ३१ अंशच राहिलं. जानेवारीत स्वेटर घालून, हात चोळत आम्ही ३१ लिहायचो.

सरांना हे सगळं माहीत होतं. ते कधी ओरडले नाहीत, त्यांनी नोटीसही लावली नाही. त्यांनी फक्त एक तार बदलली.

यंग मॉड्युलसचा प्रयोग असतो. वरच्या हुकाला पोलादाची तार टांगलेली असते. खाली अर्ध्या अर्ध्या किलोची वजनं घालत जायचं आणि तार केसभर कशी लांबते ते मोजायचं. एका शनिवारी सरांनी लॅबमधल्या मामांना शिडीवर चढवलं, पोलादाची तार उतरवली आणि तिच्या जागी पितळेची टांगली. पितळ पिवळं असतं, हे काही विद्यापीठाचं गुपित नाही. पोलादाचा मॉड्युलस पितळेच्या जवळपास दुप्पट असतो, तेही पुस्तकात छापलेलं आहे. सोमवार ते गुरुवार चार बॅचेस झाल्या. ऐंशी पोरं त्या पिवळ्याधमक तारेसमोर उभी राहिली, आणि ऐंशीच्या ऐंशी जर्नलांत उत्तर आलं पोलादाचं. आचाऱ्याचं तर दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत. त्या ऐंशींत मी होतो. तार पिवळी आहे हे मला दिसलं नव्हतं, कारण मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी वहीकडे पाहत होतो.

शुक्रवारी सरांनी सगळ्यांना एकत्र उभं केलं. आम्ही माना खाली घालून तयार होतो. सर म्हणाले, "पूर्वी लोक तांब्याचं सोनं करायला बघायचे, त्यांना जमलं नाही. आपल्या कॉलेजात पितळेचं पोलाद झालं. अभिनंदन." बस्स, एवढंच. मामांनी विचारलं, "सर, ही तार काढू का आता?"

"राहू दे. कुणाला तरी दिसेल एक दिवस."

ती पुढे वर्षभर तिथंच होती.

त्या पिवळ्या तारेनं मला आणि माझ्या पार्टनरला इतकं खजील केलं की पुढचा प्रयोग आम्ही खरोखर करायचा ठरवला. प्रयोग बार पेंड्युलमचा. एक मीटर लांब सपाट पट्टी, तिला ओळीनं भोकं. एकेका भोकात पातं अडकवून ती टांगायची, हळूच झोका द्यायचा आणि वीस आंदोलनांना किती वेळ लागतो तो मोजायचा. भोक बदलायचं, पुन्हा वीस. मग ग्राफ, ग्राफवर आडवी रेषा, रेषेवरून 'जी'. पंखा बंद. सगळं यथासांग. दोन तासांनी आमचं उत्तर आलं १०८४.

आम्ही आकडेमोड तीनदा केली. १०८४. पार्टनर म्हणाला, "आचाऱ्याकडे जाऊ." मीही उठलो होतो, तेवढ्यात पाठीमागून तो प्रश्न आला.

"फसलं का?"

"हो सर."

"किती?"

"एक हजार चौऱ्याऐंशी."

माझ्या अपयशानं एवढा आनंदलेला माणूस मी नंतर नात्यागोत्यातसुद्धा पाहिला नाही. सरांनी स्टूल ओढलं. "वा! शनीवर साधारण १०४४ असतो, नेपच्यूनवर १११५. म्हणजे तुम्ही दोघं शनी ओलांडून पुढं गेलात, नेपच्यूनला अजून पोचायचे आहात. बसा, साडेसाती आहे, घाई करून उपयोग नाही."

ती तीन आठवडे चालली. पहिल्या आठवड्यात संशय मीटरपट्टीवर. ती दुसऱ्या पट्टीला लावून पाहिली, निर्दोष सुटली. मग स्टॉपवॉच. ते सरांच्या एचएमटीशी पाच मिनिटं ताडून पाहिलं, तेही सुटलं. मग पातं आडवं सरळ आहे का म्हणून त्याच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. भोकांची अंतरं पुन्हा मोजली. झोका फार मोठा देतो का म्हणून इतका लहान दिला की लंबक हलतोय की आपल्याला भास होतोय तेच कळेना. दर वेळी उत्तर १०८४ च्या आगेमागे. मी रडकुंडीला आलो होतो. सर मात्र एखाद्या जुन्या ओळखीच्या चोराबद्दल बोलावं तसं कौतुकानं बोलायचे. "बघ, ही चूक कशी आहे? दर वेळी एकाच बाजूला, दर वेळी तेवढीच. उडाणटप्पू चूक सापडत नाही. ती आज इकडे, उद्या तिकडे. तिची फक्त सरासरी काढायची. पण ही शिस्तीची चूक आहे. नोकरी करते. शिस्तीची चूक पकडता येते, तिचा रोजचा रस्ता ठरलेला असतो."

तिसऱ्या आठवड्यात ते आमच्या टेबलाशी डोळे मिटून बसले. "मी इथं नाही असं समजा आणि करा." पार्टनरनं पट्टीला झोका दिला. पट्टी मधल्या खुणेवरून गेली, त्यानं खटका दाबला आणि म्हणाला, "एक!" मग दोन, तीन, चार, असं करत वीस. पुन्हा खटका. सरांचा एक डोळा उघडला.

"पुन्हा कर."

त्यानं पुन्हा केलं.

"तू घड्याळ चालू करतोस आणि 'एक' म्हणतोस. त्या क्षणी किती आंदोलनं झालेली असतात?"

बराच वेळ गेला. लॅबमध्ये फक्त ती पट्टी हलत होती.

"एकही नाही सर."

"मग 'एक' का म्हणतोस?"

आम्ही तीन आठवडे एकोणीस आंदोलनांना वीस समजत होतो. आंदोलनकालाचा वर्ग भागाकारात येतो, त्यामुळे एकाच्या चुकीनं 'जी' जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगतो. नऊशे अठ्ठ्याहत्तराचे चक्क एक हजार चौऱ्याऐंशी होतात. "आंदोलनाचा आकडा फुगवून सांगायची आपल्याकडे रीतच आहे," सर म्हणाले, "पण ती मैदानावरची. लॅबमध्ये शून्यापासून मोजायचं." तीन वर्षांत कॉलेजात जे शिकलो त्यातलं बहुतेक परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच वाहून गेलं. पण आजही डॉक्टरनं नाडी बघायला मनगट धरलं की, "तुम्ही शून्यापासून सुरुवात केली ना?" असं विचारायची मला उबळ येते.

त्या दिवशी सरांनी कपाटातून ते रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठा, वर छापलेलं 'डेड स्टॉक'. मोडक्या सामानाची नोंद ठेवायला कॉलेजनं दिलेलं हे रजिस्टर त्यांनी फसलेल्या प्रयोगांसाठी वापरायला काढलं होतं, आणि तपासणीला आलेल्या एकाही ऑडिटरला ते खटकलं नव्हतं, कारण ऑडिटर फक्त पानांचे आकडे तपासतात. आत चार रकाने. तारीख, काय यायला हवं होतं, काय आलं, का आलं. पहिले तीन बहुतेक पोरांच्या अक्षरात. चौथा कधी कधी महिन्यांनी भरलेला, वेगळ्या शाईत. मॉड्युलस चौथा हिस्साच आला, का? त्रिज्येच्या जागी व्यास घातला. पोटेन्शियोमीटरचा काटा हट्टानं एकाच बाजूला, का? सेल उलटा जोडला. न्यूटनच्या कड्यांचा मधला ठिपका काळा हवा तो उजळ दिसला, का? भिंग आणि काच यांच्यामध्ये धूळ. धूळ का? दिवाळीच्या सुट्टीत खिडकी उघडी. खिडकी उघडी का? तिथं मामांच्या अक्षरात होतं, "कडी मोडली आहे, अर्ज तीनदा केला." आमची १०८४ ची नोंद मी केली. चौथ्या रकान्यात "एकपासून मोजले" एवढंच लिहिलं आणि खाली सही करताना, खोटं कशाला सांगू, जर्नल सर्टिफाय झाल्यावर वाटलं नसतं इतकं बरं वाटलं.

मामांचाही उल्लेख झाला पाहिजे. सरांच्या नादानं त्या माणसाला सोडियमचा दिवा पेटवताना पाहणं हा सोहळा झाला होता. दिवा आधी गुलाबी लाल होतो, मग सावकाश पिवळा धरतो, त्याला काही मिनिटं लागतात. तोवर मामा कुणाला हात लावू देत नसत. "उमलू द्या," म्हणायचे. खंडेनवमीला ते सगळ्या उपकरणांची पूजा करायचे. स्पेक्ट्रोमीटरला झेंडूची माळ, व्हर्नियरवर हळदकुंकू. पुढचा आठवडाभर कुंकवाच्या कणांनी रीडिंगं चुकायची आणि सर ती मनोभावे रजिस्टरात लिहायचे. 'का आलं'च्या रकान्यात "दसरा".

कपाटाच्या दाराला आतून एक कापलेला फोटो डकवला होता. आम्हाला वाटायचं, सरांचे कुणी गुरू असतील. तो मायकेल्सन निघाला. पूजेच्या दिवशी मामा त्यालाही कुंकू लावत. १८८७ साली क्लीव्हलँडला या गृहस्थानं मॉर्ली नावाच्या जोडीदाराबरोबर दगडाची एक जाड शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली, तिच्यावर आरसे मांडले आणि ईथरचा वारा मोजायला घेतला. पृथ्वी ईथरमधून धावते, तर वारा लागलाच पाहिजे, असं त्या वेळचे सगळे शहाणे लोक मानत. तो काही लागला नाही. शिळा फिरवून, वेळा बदलून, कसंही पाहिलं तरी नाही. पुढे ईथरच भौतिकशास्त्रातून गेला, आणि १९०७ साली मायकेल्सनला त्याच्या उपकरणांसाठी आणि मोजमापांसाठी नोबेल मिळालं. "वारा शोधायला निघाला होता," सर सांगायचे, "आणि वारा नाही हे इतक्या नेटानं मोजलं की जगाला मानावं लागलं. आणि इथं तुम्हाला पंखा बंद करायला जड जातं."

मिलिकनची गोष्ट ते मूड लागला तरच सांगत, बहुधा कॅन्टीनच्या तिसऱ्या चहानंतर. तेलाच्या थेंबावरून त्यानं इलेक्ट्रॉनचा भार मोजला. पण हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळे त्याचं उत्तर जरासं कमी आलं. गंमत पुढेच आहे. नंतरच्या लोकांनी मोजलेली उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत, ती हळूहळू, एकेक पायरीनं वर सरकत गेली. फाइनमननं १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात याचं कारण सांगितलं होतं. ज्याचं उत्तर मिलिकनपेक्षा फार वर यायचं तो आपलंच काहीतरी चुकलं म्हणून चूक शोधत बसायचा आणि ज्याचं जवळ यायचं तो शोधायचाच नाही. सर चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "तेव्हा शेजारच्याच्या जर्नलकडे बघायची सवय फक्त आपल्या बॅचला आहे, असं समजून फार लाजू नका."

हे सगळं वाचून कुणाला सर संत वाटतील तर ते खरं नाही. मार्कांच्या हिशेबात हा माणूस अजिबात परवडणारा नव्हता. सत्रात बारा प्रयोग व्हायला हवेत, आमच्या बॅचचे पाच झाले होते. उरलेले सात शेवटच्या रविवारी, माझ्या घरी, आचाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली शिजले, म्हणजे सरांच्या प्रामाणिकपणाचा निव्वळ परिणाम असा की आम्ही इतर बॅचेसपेक्षा जास्त खोटं लिहिलं. सरांच्या घरीही फार वेगळं नसावं. कुकरच्या शिट्टीवर नाणी ठेवून भात किती लवकर शिजतो हे पाहण्याचे त्यांचे प्रयोग आळीला ठाऊक होते, छतावरच्या डागासकट. काकू एकदाच आम्हाला म्हणाल्या होत्या, "यांच्या चहाला निष्कर्ष असतो रे, चव नसते."

आणि परीक्षा. मला चिठ्ठीत नेमका बार पेंड्युलम निघाला. मी पंखा बंद केला, शून्यापासून मोजलं आणि माझा 'जी' आला ९७८. मी जवळजवळ नाचायच्या बेतात होतो. शहरातून आलेल्या एक्स्टर्नलनी कागदावरून बोट फिरवलं. "नऊशे अठ्ठ्याहत्तर? ९८० यायला हवा. काहीतरी चुकलंय." शेजारी इंटर्नल म्हणून सर बसले होते. ते मऊ आवाजात म्हणाले, "विषुववृत्तावर ९७८ असतो सर, ध्रुवावर ९८३. ९८०.६६५ हा १९०१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवून दिलेला मानक आकडा. आपण १९ अक्षांशाच्या आसपास. इथं ९७८.५ च्या आगेमागेच यायचा. याचंच बरोबर आहे."

एक्स्टर्नल वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखर दोन क्षण विचार केला. बाहेर मामा पानं मांडत होते, श्रीखंडाचा वास येत होता, साडेतीनची एसटी होती. "असेल, सर," तो म्हणाला, "पण पुस्तकात ९८० आहे." आणि दोन मार्क गेले. आचाऱ्याचा त्या दिवशी ९८०.२ आला आणि त्याला पैकीच्या पैकी मिळाले. म्हणजे आमच्या कॉलेजात तीस वर्षं जे 'बरोबर' उत्तर शिजत होतं, ते आमच्या गावचं नव्हतंच. मला भयंकर राग आला. एक्स्टर्नलचा नाही, सरांचा आला. त्यांनी आणखी भांडायला हवं होतं. ते मात्र मला दारापर्यंत सोडायला आले आणि कानात म्हणाले, "रजिस्टरात लिहून जा. 'का आलं'मध्ये लिही, एक्स्टर्नल."

मी लिहिलं नाही. तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्यापाशी नव्हता.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कॉलेजनं माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं. दारावर फ्लेक्स होता, 'अपयश ही यशाची पहिली पायरी'. खाली एडिसनचं चित्र. पहिल्या पाहुण्यांच्या भाषणात एडिसनचे एक हजार प्रयोग फसले, दुसऱ्यांच्या भाषणात दहा हजार. तिसऱ्या वक्त्याला वेळ कमी मिळाला म्हणून, नाहीतर लाखाला गाठलं असतं. फ्लेक्सच्या शेजारीच नोटीस बोर्ड होता. एटीकेटी लागलेल्या विद्यार्थ्यांनी गॅदरिंगमध्ये भाग घेऊ नये. निवृत्तीला आलेले सर माझ्याशेजारी उभे होते. दोन्ही कागद आळीपाळीनं वाचून म्हणाले, "पायरी पहिली खरी. फक्त तिच्यावर पाय ठेवलेला कुणाला दिसता कामा नये." प्राचार्यांना त्यांनी सुचवलं होतं म्हणे, की फ्लेक्सऐवजी ते लाल रजिस्टर मांडू. प्राचार्य घाबरले. मूल्यांकन समिती येणार होती.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, "सर, तुमची पीएच.डी. राहिली कशी?" सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं की ती राहिली आहे, पण का, ते कुणी विचारत नव्हतं. स्टाफरूमच्या दारावर नावांची पाटी होती. सगळ्यांच्या नावापुढं 'डॉ.', त्यांच्या नावापुढं मोकळी जागा. सर म्हणाले, "अरे, ग्राफवर सगळे ठिपके नीट येत होते. दोन बाहेर राहायचे. गाइड म्हणाले, दोन काढून टाका आणि सबमिट करा."

"मग?"

"ते का बाहेर आहेत ते बघत होतो."

"कळलं?"

"एकाचं कळलं," सर म्हणाले. "वायरचा एक जोड सैल होता." आणि दुसऱ्याबद्दल काही बोलायच्या आधी त्यांना कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं. मला आचारी आठवला. तो आज एका मोठ्या संस्थेत डॉक्टर आहे, आणि बाहेरचे दोन ठिपके तो अजून स्वतःच्या हातानं घालत असेल, अशी माझी समजूत आहे.

गेल्या दिवाळीत सर घरी आले होते. ऐंशी ओलांडली, काठी आली, चपला त्याच. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचे काही प्रयोग हल्ली कॉम्प्युटरवरच होतात. लंबकाचा प्रयोग तिनं आजोबांना हौसेनं दाखवला. पडद्यावर निळ्या दोरीला लाल गोळा. लांबी बोटानं सरकवायची, बटण दाबायचं, आंदोलनं तोच मोजतो, वेळ तोच धरतो, खाली उत्तर येतं. ९.८. तिनं लांबी बदलली. ९.८. पुन्हा बदलली. ९.८.

सरांनी खुर्ची पुढं ओढली. गोळा डुलत होता. त्यांचे ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं, तर ते शून्यापासून मोजत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "फसत नाही का गं हा कधी?"

"नाही आजोबा. मस्त आहे ना?"

"छान आहे," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर करून पडद्याच्या खालची सगळी बटणं एकेक करून वाचली आणि तिला विचारलं, "यात पंखा कुठून लावायचा?"